लखनच्या नावाचा घोट

केरू भित्रा आहे असं कुणी म्हणालं असतं, तर ऐकणारे हसले असते. विहिरीतली मोटर अडकली की कमरेला दोर बांधून साठ फूट खाली उतरणारा तोच. बागेत घोणस निघाली की बाया किंचाळत बांधावर पळायच्या आणि केरू फावडं घेऊन पुढे व्हायचा. पण भीती एका जागी नसली की दुसऱ्या जागी असतेच. केरूची जिभेत होती. मालकासमोर, पोलिसासमोर, इस्त्रीच्या कपड्यातल्या कुठल्याही माणसासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची आणि मान मात्र आपोआप हलायची. गेल्या वर्षी त्या मानेनं एका माणसाचा घात केला होता. ही गोष्ट केरूशिवाय फक्त मालकाला ठाऊक होती.

मालक म्हणजे दीपकभाऊ. राहायला नाशकात, गंगापूर रोडला. बाग इकडे वणीच्या अलीकडे, अकरा एकर द्राक्ष. केरू आणि त्याची बायको बयाबाई बागेतल्या दोन खोल्यांत बावीस वर्षं राहत होती. वेल केरूनं वाढवलेले, खोल्या मालकाच्या. उद्या नीघ म्हटलं की भांडीकुंडी उचलून रस्त्यावर यायचं, एवढाच काय तो करार.

ऑक्टोबर छाटणी झाली की दोन दिवसांत काडीवर पेस्ट लावावी लागते. काडीच्या एकेका डोळ्याला, म्हणजे कोंब फुटायच्या जागेला, औषध फासलं की सगळे डोळे एकदम फुटतात आणि घड एकसारखे येतात. औषध जहाल. मालक हातमोजे देतो, पण उन्हात घामानं हात उकडतात, म्हणून दुपारपर्यंत निम्मे लोक ते काढून कमरेला खोचतात. या कामाला दरवर्षी सुरगाण्याकडून सोळा माणसांची टोळी यायची. शेवटची ओळ संपली की त्याच संध्याकाळी मालकानं टोळीला मटण आणि बाटली द्यायची, ही सगळ्या पंचक्रोशीची रीत. न देणाऱ्याच्या बागेत पुढच्या वर्षी टोळी फिरकत नाही.

आणि टोळीत एक समजूत होती की पेस्टची लवकर चढते. एरवी बाटलीभर लागायची तिथे पेस्टच्या दिवशी पाव बाटलीत काम व्हायचं. तोंडं लालभडक व्हायची, कुणी ओकायचं, कुणाची छाती धडधडायची आणि बाकीचे पोट धरून हसायचे. द्राक्षाची मेहेरबानी म्हणायचे. अंगात भिनलेलं औषध आणि दारू एकमेकांच्या जिवावर उठतात, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

केरूला मात्र सांगितलं होतं. गेल्या वर्षी औषधाचा कॅन देताना दुकानदार म्हणाला होता, "काका, पेस्ट लावणाऱ्यानं आठ दिवस दारूला शिवायचं नाही. माणूस जाऊ शकतो." केरूनं ऐकलं होतं. पण तोवर बोकड आणून बांधलेला होता, बाटल्यांचं खोकं आलेलं होतं, आणि इतकी वर्षं काही झालं नाही ते आज काय होणार, असं म्हणून तो गप्प बसला. आपण सगळेच असं म्हणतो. त्या संध्याकाळी टोळीतला लखन, सव्वीस वर्षांचा, दोन ग्लासांनंतर छाती दाबून खाली बसला. त्याचं तोंड असं लाल झालं होतं की बघवेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दारूशिवाय दुसरं काही? फवारणी वगैरे केली होती का?" दीपकभाऊ म्हणाले, "नाही हो, नुसती दारू." मग त्यांनी केरूकडे पाहिलं. केरूनं मान हलवली.

सूर्य उगवायच्या आत लखन गेला. पोलिसांनी केरूचा जबाब घेतला, केरूनं खाली सही केली. अतिमद्यपानानं मृत्यू.

आज पुन्हा तोच दिवस होता. शेवटचा एकर उरला होता आणि केरू ड्रममध्ये औषध कालवत होता. यंदाही माणसं सोळाच होती, कारण लखनच्या जागी त्याची बायको संजना आली होती. गेल्या वर्षी पोर आजारी म्हणून ती गावी राहिली होती. सहा वर्षांच्या आरोहीला सासूजवळ ठेवून ती नवऱ्याच्या कर्जाचा हप्ता फेडायला आली होती. चार दिवस ती केरूशी बोलली नव्हती. आज औषधाचा डबा भरून घेताना ती थांबली.

"मामा, तुमी व्हते ना त्याच्याजवळ? शेवटी काय बोलला का?"

लखन बोलला होता. पिकअपमध्ये, केरूच्या मांडीवर डोकं ठेवून. छातीवर कोण बसलंय ते उठवा म्हणाला होता. केरूला ते रोज ऐकू यायचं.

"नाय. काय नाय बोलला," केरू म्हणाला.

"काय बोलनार. शुद्धीत असंल तर ना." संजनानं डबा उचलला. "सगळा गाव माझ्या पोरीला दारुड्याची म्हनतो. आनि माझी सासू म्हनते, तू धाकात ठेवला असता तर जगला असता."

ती ओळीत शिरली. केरूनं तिचे हात पाहिले. मोजे कमरेला खोचलेले होते. ढवळायची काठी केरूच्या हातातून ड्रममध्ये पडली.

दहाच्या सुमाराला दीपकभाऊंची गाडी आली. ते खुशीत होते. छाटणी वेळेवर झाली होती. "केरू, पिकअप घेऊन वणीला जा. मटण घे, आणि दुकानात सांगून ठेवलंय, खोकं घेऊन ये."

केरू जागचा हलला नाही. "भाऊ, यंदा नुसतं जेवनच देऊ. बाटलीचं काय हाय ते आठ-धा दिसांनी..."

"आठ दिवसांनी टोळी इथे बसणार आहे का? परवा ते पिंपळगावला असतील. आणि गावभर करतील, दीपकभाऊंनी तोंडाला पानं पुसली."

"पन गेल्या वर्षी..."

दीपकभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गेल्या वर्षी सोळा जण प्यायले, केरू. सकाळी पंधरा उठले. पंधरा! औषधाचा दोष असता तर सगळेच गेले असते. एखाद्याचे दिवसच भरलेले असतात, त्याला आपण काय करणार?" मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि जबाबावर सही कुणाची आहे? माझी आहे का? मग? उकरून काढलंस तर आधी कोण आत जाईल?"

केरूची मान हलली.

वणी रस्त्यावरून सप्तशृंगीचा डोंगर समोर दिसतो. केरूनं पिकअप चालवता चालवता हात जोडले. खोकं आपल्या हातून पडू दे, दुकान बंद असू दे, गाडी पंक्चर होऊ दे, असं काहीबाही त्यानं मागितलं. दुकान उघडं होतं आणि गाडीला काही झालं नाही. देवीला अठरा हात, केरूला दोनच. पण खोकं होतं त्या दोन हातांत, आणि त्यानं ते नीट, एकही बाटली फुटणार नाही असं, मटणाशेजारी ठेवलं. वाटेत पुलावर गाडी थांबवून तो पाच मिनिटं नुसता बसून राहिला. फेकून दिलं तर दीपकभाऊ विचारतील. त्यांना काय सांगायचं? एवढ्या प्रश्नाचं उत्तर सापडेना, म्हणून त्यानं पुन्हा गाडी सुरू केली.

बयाबाई चुलीशी वाटण वाटत होती. केरू दारात बसला आणि वर्षभर कुणाला न सांगितलेलं तिला सगळं सांगून मोकळा झाला. दुकानदार काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले, आपण काय केलं. बयाबाईचा हात पाट्यावर थांबला.

"मंग मला कशाला सांगितलं?" ती म्हणाली. "आता मलाबी झोप नाय लागायची."

"काय करू ते सांग."

"गप ऱ्हा. घर त्यांचं हाय. पोलिसात गेलं तर तू जाशील, मी कुठं जाऊ?" तिनं वरवंटा पुन्हा फिरवला, दोनदा, तीनदा, मग पुन्हा थांबली. "ती लखनची बायकोबी पिनार का?"

"नाय पीत ती. दारूचं नाव काढलं तरी थुकते."

"बरं हाय," बयाबाई म्हणाली. पण तिचा आवाज बरा नव्हता.

चार वाजता शेवटची ओळ संपली. माणसांनी हौदावर हातपाय धुतले. वरवरचं औषध गेलं. आत शिरलेलं कसलं जातंय! शेडसमोर सगळे गोल बसले. दीपकभाऊ ओट्यावर खुर्ची टाकून फोनवर बोलत होते. केरूनं पत्रावळी मांडल्या, ग्लास मांडले. दर ग्लासागणिक त्याला समोर बसलेल्या माणसाचं तोंड लाल झालेलं दिसत होतं. हा जाईल की तो जाईल? का ती कडेची म्हातारी, जी सकाळी नातवासाठी पेरू मागून घेऊन गेली? गेल्या वर्षी सोळात एक होता. यंदा किती, हे कोण सांगणार होतं? कुणीतरी पहिली बाटली उघडली.

टोळीचा मुकादम चिंतामण, लखनचा चुलता, ग्लास घेऊन उभा राहिला.

"आज लखनला वरीस झालं," तो म्हणाला. "पयलं त्याचं." त्यानं चार थेंब मातीत सोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि उरलेला ग्लास एका दमात रिकामा केला. मग दुसरा भरून संजनाच्या पुढे धरला. "आता घरच्या मानसानं एक घोट. मंग बाकीच्यांनी."

संजनानं तोंड फिरवलं. "मी नाय. ह्या दारूनंच खाल्ला त्याला."

"त्याच्या नावाचा हाय, पोरी. तू नाय घेतला तर तो ताटकळत ऱ्हाईल. एक घोट घे, रीत हाय."

बायांनीही घे घे म्हटलं. संजनानं ग्लास हातात घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. नाकाला पदर लावून तिनं ग्लास वर उचलला.

केरूला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. दीपकभाऊ म्हणतील. बया म्हणेल. वर्षभर तो हीच वाट बघत आला होता, की कुणीतरी बोलेल आणि आपल्याला बोलावं लागणार नाही. पण दीपकभाऊ फोनवर हसत होते आणि बया दारात पदर तोंडात धरून उभी होती. बोलणारं दुसरं कुणीच नव्हतं.

"नको!" केरू ओरडला.

आवाज असा फाटका निघाला की दोन-चार जण हसले. संजनाचा हात थांबला.

"नको पिऊ. कोनीच नका पिऊ. पेस्ट हाय अंगात. त्याच्यावर दारू चालत नाय, मानूस मरतो."

"मामा, आमी काय आज पितोय का?" चिंतामण म्हणाला. "पेस्टची लवकर चढते, म्हनून तर मजा हाय!" आता सगळेच हसले. एकानं केरूच्या पाठीवर थाप मारली आणि त्यालाच ग्लास देऊ केला. संजनानं डोळे पुसले आणि ग्लास पुन्हा ओठांशी नेला.

तेव्हा केरूला कळलं की नुसतं 'पिऊ नका' म्हणून भागणार नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. त्यानं शेडचा खांब धरला.

"संजना," तो म्हणाला, "लखन दारूनं नाय मेला."

हसणं थांबलं.

"तो दोनच गिलास प्याला व्हता. औषधानं मेला. मला दुकानवाल्यानं आधीच सांगितलं व्हतं. मी तुमाला सांगितलं नाय. डॉक्टरनं इचारलं तवाबी मी बोललो नाय. पोलिसात खोटी सही केली."

"केरू!" ओट्यावरून दीपकभाऊंनी हाक मारली. एवढीच. बावीस वर्षं त्या एका हाकेवर केरू जागेवर आला होता. आताही त्याची मान हलू लागली, त्याला ते स्वतःला कळलं, आणि त्यानं दोन्ही हातांनी खांब घट्ट आवळून मान ताठ धरली.

"खरं हाय ते, भाऊ," तो म्हणाला. "तुमालाबी म्हाईत हाय."

"चढलीय त्याला. ऐकू नका रे त्याचं," दीपकभाऊ ओट्यावरून उतरत म्हणाले.

पण तिकडे कुणी बघत नव्हतं. सगळे चिंतामणकडे बघत होते. त्याचा चेहरा गळ्यापासून कानापर्यंत तांबडालाल झाला होता. तो हसायला गेला, हसू आलं नाही. त्यानं छातीवर हात ठेवला आणि बसायला जागा शोधत असल्यासारखा मागे सरकला. एका पोरानं त्याला धरलं म्हणून डोकं ओट्यावर आपटलं नाही.

संजनाच्या हातातला ग्लास खाली पडला.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. बाया रडायला लागल्या, कुणी पाणी आणा म्हणे, कुणी लिंबू आणा म्हणे. दीपकभाऊंचाही चेहरा उतरला होता; ते काही राक्षस नव्हते, फक्त त्यांना स्वतःचं काय होईल याची भीती फार होती. "इथेच ओकू द्या त्याला, उतरेल," ते म्हणत होते. "दवाखान्यात नेलं की पोलीस केस होईल. केरू, पिकअपची चावी दे इकडे."

चावी केरूच्या खिशात होती. त्यानं खिशात हात घातला, चावी काढली, ड्रमजवळचा औषधाचा रिकामा कॅन उचलला आणि तो सरळ पिकअपकडे चालत गेला. चौघांनी चिंतामणला मागे चढवलं, संजना चढून त्याच्या उशाशी बसली. गाडी वळवताना केरूला दिसलं की बयाबाईनं सगळं खोकं उचलून आणलंय आणि एकेक बाटली उघडून ती सरीत ओतते आहे. दीपकभाऊ तिला काहीतरी सांगत होते आणि ती मागे वळूनही बघत नव्हती.

वणीपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. मागून चिंतामणच्या कण्हण्याचा आवाज येत होता तोवर केरूला धीर होता. मधे एकदा आवाज बंद झाला तेव्हा त्यानं गाडी इतकी जोरात दामटली की समोरचा ट्रॅक्टर बाजूला होता होता नाल्यात जायचा राहिला. दवाखान्यात शिरताच तो विचारायची वाट न बघता बोलायला लागला. औषधाचा रिकामा कॅन त्यानं बरोबर आणला होता, तो टेबलावर ठेवला, केव्हापासून लावत होते, किती प्याला, केव्हा प्याला, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कॅनवरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि धावाधाव सुरू झाली. ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. रक्तदाब वर येतोय, रात्रभर लक्ष ठेवावं लागेल, पण वाचेल असं वाटतं, असं म्हणाले. पोलिसांना कळवावं लागेल हेही म्हणाले.

"कळवा," केरू म्हणाला. मग त्यानं ते विचारलं, जे विचारायची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. "डॉक्टरसाहेब, गेल्या साली असाच एक पोरगा आनला व्हता. तवा हे सांगितलं असतं तर वाचला असता का?"

डॉक्टर वेगळे होते, त्यांना लखन माहीत नव्हता. "नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "वाचलाही असता."

हवालदार आला. केरूनं या वर्षीचं सांगितलं, गेल्या वर्षीचंही सांगितलं, आणि खाली सही केली. खिशातला फोन सारखा वाजत होता, तो दीपकभाऊंचाच असणार. उद्या ठाण्यात यायचं, हवालदार म्हणाला. परवा येतो म्हटलं तर चालंल का, केरूनं विचारलं, कारण तोवर संजना येऊन त्याच्यासमोर उभी राहिली होती आणि तिला काय हवंय ते तिनं एका वाक्यात सांगितलं होतं.

"सकाळच्या सुरगाण्याच्या गाडीनं माझ्यासंगं घरी यायचं."

ती रडत नव्हती. पायरीवर बसली आणि समोर बघत बोलत राहिली. "वरीसभर मी त्याला शिव्या घातल्या, मामा. रोज. चूल पेटवताना घातल्या, पानी भरताना घातल्या. त्याचा फोटोसुदीक लावू दिला नाय सासूला. मेल्या मानसाला एवढ्या शिव्या कोन देतं?"

माफी मागायचा शब्द केरूच्या तोंडाशी आला आणि तो इतका हलका वाटला की त्यानं गिळून टाकला.

"माझ्या सासूला तुमी सांगायचं. मी सांगितलं तर म्हनंल, नवऱ्याची बाजू घेते."

"सांगतो."

"नवसाबाई नाव हाय तिचं, मारायलाबी कमी करनार नाय."

"मारू दे."

"आनि आरोहीला," संजना म्हणाली, "तिलाबी तुमीच सांगायचं. मी तिला सांगून बसलीय की तुझा बाप दारूसाठी आपल्याला सोडून गेला."

केरू तिच्याशेजारी पायरीवर बसला. आत चिंतामण जोरात खोकला, कुणीतरी नर्सला हाक मारली. सोळा माणसांपुढे तो बोलला होता, मालकापुढे बोलला होता, डॉक्टर आणि हवालदारापुढेही बोलला होता. आता अंधार पडेपर्यंत तो तिथेच बसून सहा वर्षांच्या पोरीपुढे पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवत राहिला, आणि ते काही केल्या जुळेना.